पेवातला कंदील आणि समुद्रतळाचा श्वास



ज्यांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवता, त्या सरांच्या वर्गात मी दोन वर्षे बसलो. पुढे आयुष्यभर मी पदार्थविज्ञान शिकवले, ते त्यांच्याच शिदोरीवर. म्हणून आपले निमंत्रण आले तेव्हा संकोच वाटला आणि आनंदही झाला. ‘खोल पाण्यातील श्वसन’ असा विषय मी कळवला, तेव्हा कार्यवाहांनी मोठ्या सौजन्याने विचारले की, घाट उतरल्याखेरीज ज्यांना समुद्र दिसत नाही, अशा बेळगाव-निपाणीकडच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा तर वाटणार नाही ना? शंका रास्त होती. तिचे उत्तर देण्यासाठी मला समुद्रापासून नव्हे, आपल्याच अंगणातून आरंभ केला पाहिजे.

आज समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी कितीजणांनी पेव पाहिले असेल, कोण जाणे. ‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार तेवढा राहिला आहे. आमच्या लहानपणी या भागात जोंधळ्याची पेवे होती. कानडी बोलणारे शेजारी त्यांना ‘हगेव’ म्हणत. जमिनीत खोल खणलेली, वर अरुंद तोंडाची आणि आत घागरीसारखी फुगलेली ही कोठारे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच होती. २००५ च्या महापुरात त्यांची मोठी हानी झाली. पेव उघडण्याचा एक शिरस्ता असे. तोंडावरची माती व फरशी काढायची आणि कितीही घाई असली तरी कोणी लगेच आत उतरायचे नाही. पेव मोकळे ठेवायचे, मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. ज्योत स्थिर राहिली तर माणूस उतरे. ती मिणमिणून विझली तर सगळे पुन्हा चिलीम ओढत बसत.

सरांनी एकदा आमचा वर्ग असे पेव उघडताना पाहायला नेला होता. कंदील खाली गेला, एका विशिष्ट खोलीवर ज्योत आखूड झाली आणि विझली. वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा त्याच जागी विझला. जणू तेथे न दिसणाऱ्या पाण्याची पातळी होती. सरांनी विचारले, “पोरांनो, कंदील विझला, म्हणून माणूसही मरेल, असे आपण धरतो. हे धरणे बरोबर आहे का?” आम्ही एकमुखाने ‘हो’ म्हणालो. सर नुसते हसले. “या पेवापुरते बरोबर आहे,” एवढेच म्हणाले. त्या ‘एवढ्यापुरते’चा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. तो सांगण्यासाठीच आज मी उभा आहे.

पेवात काय घडते, ते आधी पाहू. साठवलेले धान्य निर्जीव नसते. ते मंदपणे श्वास घेत असते. त्यातले कीटक व बुरशी तर अधिकच. बंद जागेतला प्राणवायू हळूहळू खर्च होतो आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साठतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड, त्यामुळे तो तळाशी बसून राहतो. आपल्या नेहमीच्या हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. हे प्रमाण १६-१७ वर आले की साधी ज्योत विझते. ते दहाच्या खाली गेले तर माणूस शुद्ध हरपतो, आणि सहाच्या खाली काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी हार मानतो, आणि म्हणूनच तो पेवात पहारेकरी म्हणून उपयोगी पडतो.

परंतु ‘शेकडा २१’ या आकड्यात एक फसवणूक दडलेली आहे. आपले शरीर शेकडेवारी वाचत नाही. ते दुसरेच काही वाचते.

१८०१ च्या सुमारास जॉन डाल्टन या इंग्रज शाळामास्तराने (ते खरोखरच शाळामास्तर होते, म्हणून या व्यासपीठावर त्यांचा उल्लेख मला विशेष आवडतो) एक साधा नियम मांडला. वायूंच्या मिश्रणाचा एकंदर दाब हा त्यातील प्रत्येक वायूच्या स्वतंत्र दाबांची बेरीज असतो. प्रत्येक वायू जणू त्या जागेत एकटाच आहे, अशा रीतीने आपापला दाब देत असतो. या एकेकट्या दाबाला ‘आंशिक दाब’ म्हणतात. समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला आपण ‘एक वातावरण’ म्हणू. मग तेथे प्राणवायूचा आंशिक दाब ०.२१ आणि नत्रवायूचा सुमारे ०.७९ वातावरण. गणित चौथीतल्या मुलालाही येईल : एकूण दाबाला प्रमाणाने गुणायचे, एवढेच.

फुप्फुसातून रक्तात प्राणवायू किती जाईल, हे त्याच्या आंशिक दाबावर ठरते. हवेत तो शेकडा किती आहे, याच्याशी रक्ताला कर्तव्य नाही. कोणी म्हणेल, फरक काय पडतो? समुद्रसपाटीवर काहीच पडत नाही, कारण तेथे दोन्ही आकडे हातात हात घालून चालतात. दाब बदलला की मात्र त्यांची फारकत होते.

वर चला. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथील हवेचा दाब साधारण ०.९१ वातावरण. हवेत प्राणवायू शेकडा २१ च आहे, पण त्याचा आंशिक दाब ०.१९ वर आला. एवढा फरक आपल्याला जाणवत नाही. हिमालयात साडेपाच हजार मीटरांवर दाब निम्मा होतो. तेथेही प्राणवायू शेकडा २१ च, पण आंशिक दाब जेमतेम ०.१० आणि माणूस चार पावलांवर धापा टाकतो. तेथे कंदील न्या, तो मात्र जळत राहील. ज्योतीचे इमान बरेचसे शेकडेवारीशी असते, श्वासाचे आंशिक दाबाशी. पहारेकरी आणि मालक यांच्या वाटा येथे वेगळ्या झाल्या.

आता खाली, पाण्यात चला. समुद्रात दर दहा मीटरांना एक वातावरण एवढा दाब वाढतो. दहा मीटरांवर दोन, वीस मीटरांवर तीन. आणि पाणबुड्याला ज्या दाबाचे पाणी सभोवती आहे, त्याच दाबाचा वायू श्वासासाठी द्यावा लागतो. नाही तर छाती फुलणारच नाही. (लांब नळी तोंडात धरून विहिरीच्या तळाशी बसण्याचा प्रयोग आपल्यापैकी काहींनी लहानपणी केला असेल. हातभर खोलीपलीकडे तो का जमला नाही, याचे उत्तर हेच.) म्हणजे साधी हवाच घेऊन पाणबुड्या ३० मीटरांवर गेला, तर एकूण दाब चार वातावरणे, प्राणवायूचा आंशिक दाब ०.८४ आणि नत्रवायूचा ३.१६. शेकडेवारी तीच, पण शरीराच्या दृष्टीने तो वेगळाच वायू झाला.

नत्रवायू आपण जन्मभर आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. तो काहीच करत नाही, अशी आपली समजूत. तीन-साडेतीन वातावरणांच्या पुढे मात्र तो मेंदूवर मद्यासारखा अंमल करू लागतो. पाणबुड्या हसतो, साधी बेरीज चुकतो, हातातले काम विसरतो. अमेरिकन नौदलातील डॉ. आल्बर्ट बेन्के यांनी १९३५ मध्ये या धुंदीचे खापर नत्रवायूवर फोडले, आणि ते बरोबर ठरले.

मग नत्रवायू कमी करून प्राणवायू वाढवावा, असे कोणाच्याही मनात येईल. पण प्राणवायूचे नाव प्राणवायू असले, तरी त्याचीही मर्यादा आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की अधिक दाबाचा प्राणवायू प्राण्यांना झटके आणतो. आज पाणबुडे साधारण १.४ ते १.६ वातावरणांपलीकडे प्राणवायूचा आंशिक दाब जाऊ देत नाहीत. पाण्याखाली एक झटका आला, तोंडातली नळी सुटली, की खेळ संपला. आणि जेथे तासाऐवजी दिवसच्या दिवस काढायचे असतात, तेथे अर्ध्या वातावरणापेक्षा जास्त प्राणवायूही फुप्फुसे जाळू लागतो. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या आपल्या समाजाला अपचन काय असते, ते ठाऊक आहे. प्राणाचेही तसेच.

तिसरे संकट परतीच्या वाटेवरचे. दाबाखाली वायू रक्तात व मेदात विरघळतो. बाटलीतल्या सोड्यात असतो तसा. दाब झटकन कमी केला तर बुच उडवलेल्या सोड्यासारखे बुडबुडे धरतात. सांधे आवळून येतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी मृत्यू येतो. १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुई आणि ब्रुकलिन येथील पुलांचे पाये घालताना दाबाखालच्या पेट्यांत उतरलेले मजूर या व्याधीने वाकून गेले. कित्येक दगावले. त्या काळी कोणी म्हणे थंडीचा परिणाम, कोणी म्हणे दारूचा. दोष मजुरावर ढकलण्याची सोय असली, म्हणजे शोध घेण्याची घाई कोणाला असते? शेवटी जे. एस. हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग केले आणि १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची पहिली शास्त्रशुद्ध कोष्टके प्रसिद्ध केली. हेच हॉल्डेन खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करत, आणि खाणीत लहान पक्षी बरोबर न्यावेत, असेही त्यांनीच सुचवले. आपल्या पेवातल्या कंदिलाचा तो चुलतभाऊच.

येथे घरचा एक मुद्दा सांगून पुढे जातो. हल्ली आपल्याकडची तरुण मुले सुटीत मालवण-तारकर्ली, गोव्याचे ग्रांदे बेट किंवा मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी येथे स्कूबा डायव्हिंगला जातात. मोठी आनंदाची गोष्ट आहे. आमच्या काळी समुद्र म्हणजे गुडघाभर पाणी आणि भेळ. तारकर्लीला चार-पाच मीटरांवर वीस मिनिटे रंगीत मासे पाहून येणाऱ्याला बुडबुड्यांची धास्ती बाळगण्याचे फारसे कारण नाही. परंतु जे शिकून खोल जातात, दिवसातून दोन-तीन बुड्या मारतात, त्यांनी संध्याकाळीच गाडी काढून आंबोली किंवा चोर्ला घाट चढू नये. घरी पोचणे म्हणजे ७०० मीटर वर येणे, म्हणजे दाब आणखी उतरवणे. विमानप्रवासासाठी पाणबुड्यांनी पाळायचे जे नियम आहेत (एका साध्या बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास, आणि टप्पे घेऊन वर यावे लागलेल्या बुडीनंतर त्याहूनही अधिक), तेच ६०० मीटरांवरच्या घाटमाथ्यालाही लागू पडतात. एक रात्र कोकणात मुक्काम करावा, सोलकढी प्यावी, आणि सकाळी निघावे.

आता खरोखरीचे खोल पाणी. तीस-चाळीस मीटरांपलीकडे काम करायचे तर नत्रवायूच्या जागी धुंदी न आणणारा दुसरा वायू हवा. तो वायू म्हणजे हेलियम. एलिहू टॉम्सन यांनी १९१९ मध्ये तो सुचवला. १९३९ च्या मे महिन्यात अमेरिकेची ‘स्क्वालस’ ही पाणबुडी सुमारे ७४ मीटरांवर बुडाली. आतल्या ३३ जणांना वाचवल्यानंतर ती वर काढण्याचे काम पाणबुड्यांनी हेलियम व प्राणवायूचे मिश्रण घेऊन पार पाडले. हवेवर काम करणारे तेथे भ्रमिष्टासारखे वागत होते. हेलियमवर उतरलेले शुद्धीत राहिले.

या हेलियमशी आपल्या भागाचे एक नाते आहे, ते येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या छायेचा पट्टा हिंदुस्थानावरून गेला. त्या वेळी लंडनच्या रॉयल सोसायटीने लेफ्टनंट जॉन हर्शेल यांना दुर्बीण व वर्णपटदर्शक देऊन पाठवले होते ते जमखंडीला, पटवर्धनांच्या संस्थानात. त्या काळच्या दक्षिण महाराष्ट्रात, आजच्या बागलकोट जिल्ह्यात. श्रावणातले ढग मधूनमधून आडवे येत होते. तशातही सूर्याच्या कडेवरील ज्वालांमध्ये हर्शेल यांना तेजस्वी रेषा दिसल्या : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. ती नारिंगी रेषा सोडियमची असावी, असे वाटले होते. गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनीही त्याच दिवशी त्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. पुढे ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर यांनी ग्रहणावाचूनच ती रेषा न्याहाळली, ती सोडियमची नव्हे, असे त्यांच्या ध्यानात आले, आणि नव्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅम्झे यांना १८९५ मध्ये सापडले. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध तेथे लागला, असे सांगतात. लॉकियर विजयदुर्गाला आले होते हे खरे, पण ते १८९८ च्या ग्रहणाला. अभिमानाची गोष्टही तारीख पाहून सांगावी. जमखंडीचा ढगाळ आकाशातला तो नारिंगी ठिपका मात्र आपल्या अभिमानास पुरेसा आहे, आणि त्याचा उच्चार आपल्याकडे फारसा होत नाही.

हेलियमनेही बुडबुडे धरतातच. ७५ मीटरांवर अर्धा तास काम करायचे आणि वर यायला कित्येक तास लावायचे, हा व्यवहार परवडणारा नाही. अमेरिकन नौदलातील डॉ. जॉर्ज बाँड यांनी १९५७ पासूनच्या प्रयोगांत यावर तोड काढली. विरघळण्यालाही सीमा आहे. मिठाच्या पाण्यात मीठ विरघळता विरघळता एका क्षणी थांबते, त्याप्रमाणे ठरावीक दाबाखाली सुमारे एक दिवस काढला की शरीर वायूने तृप्त होते. त्यानंतर तुम्ही तेथे एक दिवस राहा की वीस दिवस, परतीच्या प्रवासाला लागणारा वेळ तोच. मग पाणबुड्याला रोज वर आणायचेच कशाला? जहाजाच्या डेकवर पोलादी कोठडी बसवायची, तिच्यात समुद्रतळाइतका दाब ठेवायचा, आणि पाणबुड्यांनी आठवडेच्या आठवडे तेथेच राहायचे, जेवायचे, झोपायचे. कामाच्या वेळी त्याच दाबाच्या घंटेत बसून तळाशी जायचे आणि परत कोठडीत यायचे. जेवणाचे डबे दुहेरी झडपेच्या लहानशा कोनाड्यातून आत येतात. आत हेलियममुळे आवाज बदकासारखा होतो. बोलणे समजावे म्हणून बाहेर खास यंत्र ठेवावे लागते. हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो, म्हणून कोठडी तीस अंशांच्या आसपास उबदार ठेवावी लागते.

आपल्या मुंबईच्या समुद्रात हे रोज घडते. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, १९७४ मध्ये ज्या तेलक्षेत्राचा शोध लागला, ते बॉम्बे हाय. आज त्याला मुंबई हाय म्हणतात. तेथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर. तळावरच्या नळांची जोडणी आणि दुरुस्ती पाणबुडेच करतात. आपण गाडीत तेल भरतो, तेव्हा त्यामागे या माणसांचा श्वास असतो, हे ध्यानात येत नाही. तेथील हिशोब मांडून पाहू. एकूण दाब साडेआठ वातावरणे. साधी हवा दिली तर प्राणवायूचा आंशिक दाब १.८ च्या घरात, म्हणजे झटक्यांच्या हद्दीत, आणि नत्रवायूचा ६.७, म्हणजे पुरती धुंदी. म्हणून कोठडीत प्राणवायूचा आंशिक दाब ०.४ च्या आसपास ठेवतात आणि उरलेला भाग बहुतेक हेलियमचा. आता ०.४ ला ८.५ ने भागा. उत्तर येते शेकडा ४.७.

शेकडा पाचाहूनही कमी! आपल्या पेवात एवढाच प्राणवायू असता, तर उतरलेला माणूस काही मिनिटांत गेला असता. त्या कोठडीत सरांचा कंदील सोडला असता तर तो क्षणात विझला असता. आणि त्याच वायूत माणसे पत्ते खेळतात, घरी पाठवायच्या चिठ्ठ्या लिहितात, घोरतात. त्यांना समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ दुप्पट प्राणवायू मिळत असतो. कंदील विझला म्हणून माणूस मरेलच, असे नाही. ‘या पेवापुरते बरोबर आहे’, या शब्दांचा अर्थ हा होता.

हा हिशोब माणसांच्या जिवावर कसा येतो, याचा एक प्रसंग आता सांगायचा आहे.

२६ जुलै २००५ ची मुंबईतली अतिवृष्टी आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, बॉम्बे हाय क्षेत्रात ‘समुद्र सुरक्षा’ नावाचे बहुउद्देशीय जहाज होते. पाणबुड्यांचे काम चालू होते. जहाजावरच्या एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली. त्या हवेत हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते, म्हणून त्याला क्रेनने उचलून बॉम्बे हाय नॉर्थ या फलाटावर उपचारासाठी नेण्याचे ठरले. हे काम उरकत असता उसळत्या लाटांत जहाज फलाटाकडे ढकलले गेले आणि वायू वाहून नेणाऱ्या उभ्या नळावर आदळले. वायू सुटला, पेटला, आणि दोन तासांत तो सबंध फलाट आगीत नष्ट झाला. एकंदर ३८४ माणसांपैकी ३६२ वाचली, २२ गेली. आगीची झळ जहाजालाही लागली. माणसांनी जहाज सोडले.

सहा जणांना ते सोडता आले नाही. ते दाबाच्या कोठडीत होते.

दार आणि मोकळी हवा यांत काही इंच पोलाद होते. पण तेथल्या खोलीचा हिशोब धरला, तर दाब सुरक्षितपणे उतरवायला तीन ते चार दिवस लागतात. दार एकदम उघडले तर काय होते, हे जगाला १९८३ च्या नोव्हेंबरात कळले होते. उत्तर समुद्रातील ‘बायफर्ड डॉल्फिन’ या फलाटावर नऊ वातावरणांचा दाब एका चुकीने क्षणात सुटला. चार पाणबुडे आणि बाहेरचा एक मदतनीस, पाचही जण जागच्या जागी गेले. त्याचे अधिक वर्णन मी करत नाही. ‘समुद्र सुरक्षा’वरच्या सहा जणांना बाहेर आग, वारा आणि रिकामे जहाज होते, आणि आत शेकडा चार-पाच प्राणवायू. त्या वायूत काडीसुद्धा पेटली नसती. त्यांना जाळू न शकणारी हवा तीच होती, जी त्यांना सोडतही नव्हती.

अशी कोठडी जिवंत ठेवायला काय काय लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या तासांचा भार कळतो. खर्च होणारा प्राणवायू थेंबाथेंबाने भरून काढावा लागतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्यासारख्या क्षारातून पंख्याने खेळवून शोषून घ्यावा लागतो. येथेही आंशिक दाबाचाच न्याय : साडेआठ वातावरणांखाली शेकडा अर्धा एवढा कार्बन डायऑक्साइड, समुद्रसपाटीवरच्या शेकडा सव्वाचाराइतका त्रास देतो. आणि ऊब लागते. पंखा, ऊब, प्राणवायू, सगळ्याला बाहेरची माणसे आणि चालू यंत्रे हवीत. जहाज सोडले जाते, तेव्हा हेच सारे बंद पडण्याची भीती असते.

ते सहाही जण सुमारे ३६ तासांनंतर सुखरूप सुटले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ ऑगस्टला, ‘समुद्र सुरक्षा’ समुद्रात बुडाले. या दोन घटनांमधले अंतर चार दिवसांच्याही आतले आहे.

अशा प्रसंगासाठी आता दाब कायम ठेवून पाण्यात उतरणाऱ्या जीवनरक्षक नौका असतात : नौकेच्या पोटातच दाबाची कोठडी. पाणबुडे एका कोठडीतून दुसरीत सरकतात आणि दार न उघडता जहाज सोडतात. हे साधन खर्चिक आहे. सुरक्षेचा हिशोब करणाऱ्याने वाचवलेल्या पैशाच्या रकान्यात माणसे किती आणि किती तास, हेही मांडावे, असे मला वाटते. पाणबुड्यांच्या व्याधींचा अभ्यास करणारी नौदलाची संस्था मुंबईत कुलाब्याला ‘अश्विनी’ रुग्णालयाच्या आवारात आहे. आपल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने या वाटेने जावे, अशी माझी इच्छा आहे. डॉक्टर म्हणून जावे, अभियंता म्हणून जावे. पाणबुडा म्हणून गेला, तर त्याच्या आईला समजावण्याचे काम मी करीन.

शेवटी पुन्हा आपल्या गावी येतो, कारण या विषयाने आपल्याकडे माणसे मरतात ती समुद्रात नव्हे, विहिरीत, जुन्या टाक्यांत आणि मैल्याच्या टाकीत. पेवे गेली, पण उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढणे राहिले आहे. पेवात निदान कार्बन डायऑक्साइड साठलेला असे. तो श्वास कोंडवतो, माणसाला धोका कळतो. कारण गुदमरल्याची जाणीव आपल्याला प्राणवायू कमी झाल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी प्रीस्टले यांनी हे १९०५ मध्ये दाखवले. गंजलेल्या बंद टाकीत लोखंडच प्राणवायू खाऊन टाकते, कार्बन डायऑक्साइड वाढत नाही. तेथे उतरणारा काही न जाणवता, दोन श्वासांत खाली बसतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. वर्तमानपत्रात आपण तीन-तीन, चार-चार नावे एकत्र वाचतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आणि कंदिलाचा भरवसा येथेही अपुरा आहे. पाणी उपसायला डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून चालू ठेवतात. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताशी प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्याचे प्रमाण हजारात एक एवढे असले, तरी माणूस जाऊ शकतो. तेथे कंदील सुखेनैव जळत राहील. मैल्याच्या टाकीतल्या विषारी वायूचेही तसेच. म्हणून इंजिन काठावर ठेवावे आणि त्याचा धूर विहिरीच्या तोंडापासून दूर सोडावा. वायू मोजणारे छोटे यंत्र आता मिळते. ग्रामपंचायतीने एक घेऊन ठेवावे. मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे तर कायद्यानेच बंद आहे. उतरणे अटळच असेल तेथे कमरेला दोर बांधलेला असावा, तो वर धरणारी दोन माणसे असावीत, आणि खालचा बोलेनासा झाला तर वरच्यांनी दोर ओढावा, उडी घेऊ नये.

सरांनी त्या दिवशी पेवाच्या तोंडाशी आम्हांला तासभर बसवून ठेवले होते. घंटा चुकली, मुख्याध्यापक रागावले असतील. तिसऱ्यांदा सोडलेला कंदील तळापर्यंत जळत गेला, मग एक गडी उतरला आणि पहिली पाटी वर आली. जोंधळ्याला तो पेवाचा आंबूस वास होता.